मालिका नाहीत, बातम्या नाहीत : सात महिने फक्त माहितीपट आणि खेळ

2025 च्या मे महिन्यात केबलवाला पैसे घ्यायला आला तेव्हा मी त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. म्हटलं, सगळे पॅक काढून टाक आणि एवढेच सुटे चॅनल लाव. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "वहिनी, यात सिरीयलचा एकपण चॅनल नाही." माहीत आहे. "न्यूजपण नाही." तेही माहीत आहे. मग आत खुर्चीत बसलेल्या माझ्या सासऱ्यांकडे बघत आवाज बारीक करून म्हणाला, "आजोबांना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. बाबा 82 वर्षांचे. संध्याकाळी सहा ते दहा बातम्यांचा चॅनल आणि एका चौकटीत भांडणारी आठ माणसं, हा त्यांचा नेम. त्या आरड्याओरड्याला कंटाळून नवरा मोबाइल घेऊन गॅलरीत आणि मुलगा मोबाइल घेऊन माळ्यावर. शिवडीतल्या दोन खोल्यांत तीन पडदे चालू आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजतेय. म्हणून हा खटाटोप. चार खेळांचे चॅनल, चार माहितीपटांचे आणि दूरदर्शनचे जे सक्तीने येतातच ते. त्यामुळे सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या बाबांना मिळतात. पहिला आठवडा त्यांनी माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलणं ठेवलं होतं.

पैशांचं आधी सांगून टाकते, कारण प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे कुठलाही चॅनल सुटा मागता येतो, पॅक घेण्याची सक्ती नाही. चॅनलच्या किमतीशिवाय नेटवर्कचं शुल्क द्यावं लागतं. त्याला पूर्वी 130 रुपयांची मर्यादा होती, म्हणजे 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. जुलै 2024 मध्ये ट्रायने ती मर्यादा उठवली, तेव्हा तुमचा आकडा तुमच्या केबलवाल्याला विचारा. माझं सगळं मिळून साडेतीनशेच्या आत बसतं, आधी पावणेपाचशे जायचे. पण खरी मेख पुढे आहे. तेच चॅनल पॅकमधून घेतले तर एकेकटा स्वस्त पडतो. चार सुट्या खेळांच्या चॅनलांचे जेवढे होतात त्यावर थोडे टाकले की पॅकमधून मालिका, सिनेमे, कार्टून सगळंच येतं. नको असलेलं घरात न येण्याचे पैसे मोजावे लागतात. मी मोजते.

बॉक्स भिकार आहे. त्याचं गाऱ्हाणं पुढे सविस्तर येईल.

आम्हाला या संध्याकाळची चटक लागली ती इंग्लंड दौऱ्यात. 20 जूनला पहिली कसोटी सुरू झाली आणि घराला वेळापत्रक मिळालं. तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. साडेपाचला त्यांचं जेवण, तेव्हा बाबांचा चहा. फोर्टातून सुटून हार्बरची लोकल पकडून मी साडेसहाला घरी येते तेव्हा दुसरं सत्र रंगात आलेलं असायचं. आठ दहाला त्यांचा चहा, तेव्हा आमची ताटं. त्या वीस मिनिटांत चॅनल बदलून माहितीपट लावायचा आणि साडेआठला परत यायचं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात परत यायला पावणेनऊ व्हायचे, कारण अर्ध्यात सोडलेला समुद्राचा तळ कोणालाच सोडवायचा नाही. कसोटी क्रिकेट हे माहितीपटाबरोबर बघायला सर्वांत सोयीचं. दहा मिनिटं नजर हटली तरी काही बिघडत नाही. आणि एखादे दिवशी नेमकं त्याच दहा मिनिटांत सगळं बिघडतं.

ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीचा शेवटचा दिवस मात्र माझा ऑफिसात गेला. सोमवार, 4 ऑगस्ट. इंग्लंडला जिंकायला 35 धावा हव्या होत्या, चार गडी बाकी. बाबांनी मला फोन लावला आणि ठेवलाच नाही. "तो हात गळ्यात बांधलेला माणूस आलाय ग बॅट घेऊन. स्वेटरच्या आत हात आहे." तो वोक्स, त्यांचा जखमी गोलंदाज. पुढे काही ऐकू येईना, मग एकदम खुर्ची सरकल्याचा आवाज. सहा धावांनी जिंकलो आणि मालिका 2-2. त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर बातम्यांचा चॅनल नसल्याची तक्रार बाबांच्या तोंडून गेलेली होती, ती बरेच महिने परत आली नाही.

आता पनामाचं सांगते, कारण या सात महिन्यांतला मला सर्वांत आवडलेला पाऊण तास तोच.

जुलैत एका रात्री पावसाने खेळ थांबला म्हणून चॅनल बदलला तर पनामा कालव्यावर कार्यक्रम चालू होता. मी होऊन तो कधीही लावला नसता. जहाज एका हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, वरच्या तळ्यातलं पाणी आपल्या वजनानेच खाली येतं, पंप वगैरे काही नाही, आणि जहाज वर उचललं जातं. असं पायरी पायरीने समुद्रापासून 26 मीटर. नवरा म्हणाला, लिफ्ट आहे ही. बाबा म्हणाले, "लिफ्ट नाही, लॉक गेट. आपल्या गोदीत आहे."

बाबा 1966 ते 2001 गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद ठेवणारे कारकून, होते. आम्हाला माहीत होतं ते एवढंच की गोदीत होते, पाळी असायची आणि बोनसच्या दिवशी सुतरफेणी आणायचे. त्या रात्री त्यांनी ताटातली आमटीची वाटी पुढे ओढली, तिच्याशेजारी माझी अर्धी संपलेली वाटी ठेवली आणि मधे चमचा उभा धरला. ही भरलेली वाटी म्हणजे डॉक. ही रिकामी म्हणजे बाहेरचा समुद्र, ओहोटीला. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. दरवाजा नसेल तर ओहोटीला आतलं जहाज बुडाने चिखलात टेकेल, म्हणून आतलं पाणी अडवून धरायचं. आणि जहाज आत-बाहेर करायचं तर या चमच्याजागी दोन चमचे, मधे साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद हौद. पनामाचा जुना हौद 110 फूट रुंद. दहा फुटांचा तर फरक. आता इंदिरा डॉक म्हणतात, आधीचं अलेक्झांड्रा डॉक, आणि उघडलं 1914 साली. पनामाही 1914 चाच. मुलाने लगेच फोनवर तपासलं आणि पहिल्यांदाच आजोबांचं सांगणं एका फटक्यात बरोबर निघालं.

पुढे पडद्यावर जहाजाला दोन्ही बाजूंनी धरून नेणारी विजेची छोटी इंजिनं आली. त्यांना तिथे खेचरं म्हणतात. बाबा हसले. "त्यांच्याकडे खेचरं, आमच्याकडे आम्ही." आमटी गार झाली होती. खेळ कधीच पुन्हा सुरू झाला होता, कोणी चॅनल बदलला नाही.

त्या कार्यक्रमात एक गोष्ट मला डाचली. एका जहाजाच्या फेरीला सुमारे वीस कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, तेही त्याच तळ्यातलं जिथून लोक पितात. 2023 मध्ये पाऊस फारच कमी पडला तेव्हा कालव्याला रोजची जहाजं कमी करावी लागली. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास येतं, तेव्हा वीस कोटी लिटर हा आकडा ऐकून मी उठून पिंपावरचं झाकण बघून आले. का, ते विचारू नका.

मोबाइलवर काय कमी आहे, असं माझी भाची म्हणते. सगळं तर आहे. आहे ना, पण मोबाइलवर मी काय लावते? जे कालही लावलं होतं तेच. पाऊस पडला म्हणून पनामा, टेनिस संपलं म्हणून मधमाश्या, हे मोबाइल करत नाही. दुसऱ्या कोणी तरी लावून ठेवलेली रांग असते आणि आपण मधेच कुठे तरी तिच्यात उभे राहतो. बाबा म्हणतात, मुंबई दूरदर्शन 1972 ला सुरू झालं त्यानंतर चाळीत एकाच्याच घरी टीव्ही होता आणि सगळी चाळ "आमची माती आमची माणसं" बघायची. शिवडीच्या चाळीत कोणाचं शेत होतं? कोणाचंच नाही. पण पिकावर करपा कशाने पडतो ते सगळ्यांना पाठ होतं.

आता चिडचिड.

चित्र. साधे चॅनल 43 इंची टीव्हीवर बघवत नाहीत. वन्यजीवांचं तर हसूच होतं, वाघ आणि गवत एकाच रंगाची खिचडी. काही साधे चॅनल जुन्या चौकोनी मापाचे येतात आणि बॉक्स ते ताणून पूर्ण पडद्यावर बसवतो, मग धावपटूसुद्धा पोट सुटलेले दिसतात. दुसऱ्या महिन्यात मी दोन चॅनल एचडी करून घेतले, एक खेळांचा आणि एक प्राण्यांचा. तेवढे पुरतात. इतिहासाला एचडी लागत नाही, अर्धं चित्रण काळंपांढरंच असतं.

भाषा. माहितीपटांना इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू असे आवाज येतात, आमच्या बॉक्सवर मराठी कुठेच मिळाली नाही. बाबांसाठी हिंदी, मुलाच्या मते इंग्रजी, आणि बॉक्स बंद करून चालू केला की पुन्हा स्वतःच्या मनाने काही तरी. एकदा पूर्ण अर्धा तास पेंग्विन तेलुगूत बघितले. हिंदी डबिंगवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रत्येक प्राणी "खूंखार शिकारी" नसतो. ऑक्टोपसवरच्या कार्यक्रमात त्याला तीन हृदयं असतात ही एवढी सुंदर गोष्ट, ती त्यांनी भुताच्या सिनेमाच्या आवाजात सांगितली.

जाहिराती. नियमाने तासाला 10 मिनिटं जाहिराती आणि 2 मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांची. मी घड्याळ लावून बसलेली नाही, पण एका ब्रेकमध्ये मी भाकरी थापते, भाजते आणि वाढते. ब्रेक संपल्यावर आधीची दोन मिनिटं पुन्हा दाखवतात, जणू आपण सगळं विसरलो. आमच्याकडे खरोखर एक जण विसरतो, त्याची सोय होते.

आणि पुनरावृत्ती. चौथ्या महिन्यात लक्षात आलं की दुसरं महायुद्ध आमच्या घरी आठवड्यातून तीनदा जिंकलं जातं. मगरी त्याच, म्हशी त्याच, नदी तीच. शिवाय "माहितीपट" या नावाखाली काय काय खपवतात! जुन्या गोदामांचे लिलाव, बर्फातले ट्रक, खेकडे पकडणाऱ्या बोटींवरची भांडणं. खेकड्यांचं नवऱ्याला आवडतं. पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले का, असा प्रश्न विचारून तासभर त्याचं उत्तर न देणारा प्रकार तर मी मुलाला बघू देत नाही. बातम्या परवडल्या.

बॉक्सवरचं वेळापत्रक हे दिवसाच्या सुरुवातीला कोणी तरी बघितलेलं स्वप्न असतं. सामना लांबला की सगळं सरकतं, पण पडद्यावर जुनंच लिहिलेलं राहतं. 8 जूनला रविवारी फ्रेंच ओपनची फायनल होती. साडेसहाला सुरू झाली. सिनरने पहिले दोन सेट घेतल्यावर नवऱ्याने सामना संपल्याचं जाहीर केलं आणि आम्ही खेकड्यांकडे गेलो. वेळापत्रकात साडेनऊला दुसरा कार्यक्रम दिसत होता, म्हणून संपलंच असेल असं मीही धरून चालले. दहानंतर सहज परत आलो तर दोघेही तिथेच, चौथा सेट, आणि अल्काराझ तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून बसलेला. सगळा मिळून 5 तास 29 मिनिटांचा सामना आणि आम्ही त्यातला कणा खेकड्यांना दिला. नवऱ्याला अजून ऐकवते.

कबड्डीसाठी मात्र हा सगळा जामानिमा शंभर टक्के वसूल. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधे पाच मिनिटं, भात शिजेपर्यंत निकाल. नवरा शाळेत असताना लालबागच्या मंडळातून डाव्या कोपऱ्यात खेळायचा. तो कॉमेंट्री बंद करून स्वतःची लावतो. ते "सुपर टॅकल" म्हणतात, हा "अव्वल पकड" म्हणतो. तीन किंवा त्याहून कमी गडी राहिले असताना पकड केली की एक गुण जास्त. वरून घेतलेल्या कॅमेऱ्यात सात जणांची साखळी कशी मिटते ते स्पष्ट दिसतं. ते मैदानाच्या दोरीला टेकून कधीच दिसलं नव्हतं, असं तो म्हणतो. दिसायचे ते फक्त पाय आणि उडालेली माती. तीस सेकंदांची चढाई सुरू झाली की मुलगा श्वास कोंडून "कबड्डी कबड्डी" करतो. त्याचा विक्रम 24 सेकंदांचा, त्यात निदान चार चोरलेले.

एक फायदा मी धरलाच नव्हता. मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण केबलपेक्षा बरंच मागे चालतं. समोरच्या इमारतीतले बहुतेक जण मोबाइलवर किंवा नेटच्या टीव्हीवर बघतात. पूर्वी आमच्या गॅलरीत नवरा मोबाइल धरून बसायचा आणि गोलंदाज धावायला लागायच्या आत कुठून तरी "आऊट" ऐकू यायचं. आता ते ओरडणारे आम्ही. 30 ऑक्टोबरला महिलांच्या क्रिकेट विश्वचषकाची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग, जेमिमा 127 वर नाबाद. शेवटच्या षटकांत मुलगा दर चौकाराला गॅलरीत जाऊन ओरडून येत होता आणि समोरून शिव्या येत होत्या. त्यातल्या एक काकू दुसऱ्या दिवशी दळणाच्या गिरणीत मला म्हणाल्या, तुमच्या पोराला फायनलला मामाकडे पाठवा.

फायनल 2 नोव्हेंबर, दक्षिण आफ्रिकेशी, नेरूळला, म्हणजे खाडीपलीकडे. पाऊस तिथेही आणि इथेही, पाच वाजता सुरू झाली. माझी बहीण नर्स आहे, तिची रात्रपाळी होती. तिला म्हटलं, बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड करून ठेवते, तू निकाल बघू नकोस. केलं. बॉक्सने वेळापत्रकात लिहिलं होतं तितकं इमानाने रेकॉर्ड केलं आणि साडेदहाला थांबला. आम्ही बघत होतो म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. बारापर्यंत जागलो, 52 धावांनी जिंकलो, दीप्तीचे पाच बळी, बाबांनी साखर वाटली. बहीण दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन आली, निकाल कोणालाही सांगू न देता, कानात बोळे घातल्यासारखी. कित्येक तास डोळे लावून बसली आणि त्यांची कर्णधार वोल्वार्ट खेळत असतानाच पडदा काळा. त्यावर "रेकॉर्डिंग समाप्त". शेवटचं मला तोंडी सांगावं लागलं. अमनज्योतने वोल्वार्टचा झेल कसा दोनदा हातातून उडवून तिसऱ्यांदा धरला, ते मी स्वयंपाकघरातला टोमॅटो उडवून दाखवलं. तेव्हा रेकॉर्ड करायचं असेल तर पुढचे दोन कार्यक्रमही निवडून ठेवा. आमचा बॉक्स सामना लांबला हे समजून घेत नाही.

शेजारच्या मावशींकडे डीडी फ्री डिशची छत्री आहे, महिन्याचा खर्च शून्य. राष्ट्रीय महत्त्वाचे ठरलेले क्रिकेटचे सामने त्यांना दूरदर्शनवर फुकट दिसतात, आणि माझ्या केबलवर दूरदर्शन असूनही तिथे त्या वेळी भलतंच काही चालू असतं. मला वाटायचं केबलवाला लबाडी करतो. तसं नाही. 2007 च्या कायद्याने खासगी वाहिन्यांना असे सामने प्रसार भारतीला द्यावे लागतात, पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरते आणि फ्री डिशपुरतेच, केबलवर नाही. फक्त क्रिकेटसाठी टीव्ही हवा असेल तर आधी छत्रीचा विचार करा. मात्र धो धो पावसात छत्रीचं चित्र जातं, तो सिग्नलच असा आहे की पाण्यात अडकतो. ऑगस्टच्या त्या दोन दिवसांच्या पावसात मावशी आमच्याकडे येऊन बसल्या. नंतर बी विंगच्या गच्चीवरचा केबलचा डबा भिजला आणि आम्ही सगळेच अंधारात बसलो.

तर सध्याची स्थिती. मालिकांची आठवण एकदाही आली नाही, खरं सांगायचं तर गणपतीत नणंद राहायला आली होती तेव्हा तिला आली. मोबाइल अजून आहेत, पण सात ते साडेनऊ ते चार्जिंगला असतात. बॉक्स बदलून देतो असं केबलवाला ऑगस्टपासून म्हणतोय.

गेल्या आठवड्यापासून बाबांना एक मराठी बातम्यांचा चॅनल हवा आहे. पालिकेची निवडणूक येतेय, तेवढ्यापुरता, म्हणतात. मी म्हटलं, आठाचे नऊ होणार नाहीत, एक काढावा लागेल. जुनी चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली आहे. नवऱ्याने इतिहासावर काट मारली. मुलाने टेनिसवर मारली. काल सकाळी बघते तर बाबांनी दोन्ही काटा खोडून खेकड्यांवर मारलेली. केबलवाला दहा तारखेला येतो.